भिंतीवरचं शेवाळ

४ सप्टेंबर

भिंत पडली. परत! सकाळी चहा गाळत होते, मागून धाडकन आवाज आला आणि गाळणी हातातून सुटली. धावत मागच्या खोलीत गेले, खिडकी उघडली, तर बाहेर नुसता चिखल आणि दगड. शेजाऱ्यांची पाण्याची टाकी चेपून सपाट झालीय. माणूस कुणी नव्हतं, नशीब.

टेकडीची माती घसरून गल्लीवर येऊ नये म्हणून ही भिंत. आमचं घर गल्लीत शेवटचं, म्हणजे भिंतीच्या अगदी पायाशी. आणि बांधणारे कोण, तर आमचे हे. आयुष्यभर मिस्त्रीकाम केलं, कधी कुणी बोट दाखवलं नाही, आणि आता स्वतःच्याच घरामागची भिंत दोनदा कोसळली. कोपऱ्यावरचा दुकानदार विचारतो, "काय मिस्त्री, भिंत बांधताय की पत्त्यांचा बंगला?" हे हसले नाहीत. मी मात्र त्याला चांगलं सुनावून आले, की गेल्या वर्षी शिवलेल्या त्याच्या पँटचं बटण त्याच्या पोटामुळे तुटलं, माझ्या शिलाईमुळे नाही.

सूनबाईला आठवा संपत आला. ती मागच्याच खोलीत झोपते. हे मनातून जाता जात नाही.

७ सप्टेंबर

नगरपालिकेच्या ऑफिसातून साहेब येऊन गेले. मी ऐकू येईल अशा बेताने दाराशी बसून काजं करत होते. साहेब म्हणाले, पाऊस पडला की मागची माती पाणी पिते, पाणी तुंबतं आणि भिंतीला ढकलतं. तेव्हा भिंतीतून आरपार पाईप घाला. पाणी निघून गेलं की भिंतीवर भार नाही. जेवताना यांनीही मला वाटी आणि चमचा घेऊन हेच पाईपपुराण समजावलं. मी हं हं म्हटलं. मला कपड्यातलं कळतं, चिखलातलं नाही.

साहेब गेल्यावर ओळंबा बोलला. ओळंबा म्हणजे यांच्याकडचा सगळ्यात जुना गवंडी. दोरीला टांगल्यासारखा सरळ उभा राहतो आणि दिवसभर ब्र काढत नाही, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणतात. तो म्हणाला, "पाईप घाला नाहीतर सोन्याच्या नळ्या घाला. जागा उपाशी आहे. तिला सावली दिल्याशिवाय ती भिंत धरायची नाही."

मी आतून ओरडले, "मग छत्री द्या की तिला!" बाकीचे गडी हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. यांनी तर माझ्याकडे असं पाहिलं की मी सुई बोटात टोचून घेतली.

१० सप्टेंबर

आज विचित्रच झालं. सकाळी हे म्हणाले, "आज डबा आणू नकोस. भिंतीकडे फिरकूसुद्धा नकोस." मी म्हटलं, का हो, दुसरी कुणी आणणार आहे का? तरी चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी म्हटलं बरं. मास्तरीणबाईंचा कोट द्यायचा होता, मशीनवर बसले ती दुपारपर्यंत उठलेच नाही.

सूनबाईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटलं, आई कामात आहेत, आपणच द्यावा डबा. टेकडीवरून ऊन चांगलं वर आलं तशी घराला वळसा घालून मागे निघाली. परत आली ती रडवेली होऊन. म्हणाली, "आई, बाबा माझ्यावर ओरडले हो. कधीच ओरडत नाहीत. मी भिंतीच्या पायाजवळ पोचणार इतक्यात 'तिथेच थांब' म्हणाले आणि धावत येऊन माझ्यापुढे उभे राहिले. उन्हाच्या बाजूला. मला सगळं झाकूनच टाकलं. आणि ते ओळंबाकाका त्यांच्या पायाशी वाकून काहीतरी करत होते."

"बुटाचे बंद बांधत असेल," मी म्हटलं.

"बाबांचे?"

खरंच, हे तर कामावर चपला घालतात. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, पायात काच रुतली होती. जेवले नाहीत. भिंत पडल्याचं मनाला लावून घेतलंय दुसरं काय.

१२ सप्टेंबर

घरात चोर शिरलाय आणि तोही माझ्या नाडीचा! गेल्या आठवड्यातच नाडीची नवीन गुंडाळी आणली होती, पायजम्यात घालायची पांढरी. कागदसुद्धा काढला नव्हता. आज बघते तर कागद फाडलेला आणि नाडी आखूड. टेप लावला. माझ्या उंचीपेक्षाही थोडा जास्त तुकडा कापून नेलाय, तोही कात्रीने नाही, गवंड्याच्या थापीने तोडल्यासारखा, टोक पिंजारलेलं. सूनबाईला ओरडले, मग वाईट वाटलं. तिने कशाला घ्यावी?

२० सप्टेंबर

भिंत पुरी झाली. काल दिवसभर पाऊस धो धो पडला आणि ती हलली नाही. पाईपांच्या तोंडांतून पाणी नुसतं उड्या मारत होतं. दुकानदारसुद्धा छत्री घेऊन बघून गेला. मी खुशीत नाचायचीच बाकी होते.

आज मास्तरीणबाई कोट न्यायला आल्या. इतिहास शिकवतात, एक विचारलं की दहा सांगतात. मी गंमत म्हणून ओळंब्याची ती उपाशी जागा सांगितली. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "अहो, ही फार जुनी श्रद्धा आहे. पुष्कळ देशांत होती. पूल टिकेना, बुरूज टिकेना, की बांधकामाच्या पायात जिवंत माणूस चिणायचे. मग माणसाला दया आली की कायद्याची भीती वाटली कोण जाणे, कोंबडा पुरू लागले. आणि काही ठिकाणी नुसती सावली. चालत्या माणसाच्या सावलीचं दोरीनं माप घ्यायचं आणि ती दोरी पायात गाडायची. ज्याची सावली, तो पुढे झिजून मरतो म्हणे."

कोट घालून त्या आरशात वळून बघत होत्या. मी त्यांच्या खांद्याची टाचणी काढत होते आणि माझा हात थांबला.

दोरी. थापीने तोडलेली. आणि त्या दिवशी भिंतीपाशी घरातलं कोण गेलं होतं? सूनबाई. पोटुशी सूनबाई!

मास्तरीणबाईंनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. कोटाचे पैसे घ्यायलाही मी विसरले.

२१ सप्टेंबर

सकाळीच ओळंब्याला गाठलं. भिंतीजवळ हत्यारं धूत होता. म्हटलं, "खरं सांग. माझ्या घरातली नाडी कुठंय?"

त्याने धुतलेली थापी पुन्हा धुतली.

"बोलतोस की नाही?"

"वहिनी, भिंत उभी आहे ना? मग झालं तर."

"कुणाची सावली मोजलीस?"

"ते विचारायचं नसतं. जो पहिला येईल त्याची, असं ठरलं होतं. आधी सांगून ठेवलं होतं सगळ्यांना, घरच्यांना आवरा म्हणून." मग हळूच म्हणाला, "आमच्या बापानं पुलाला सावली दिलेली मी पाहिलीय. त्रास होत नाही. माणूस हळूहळू आटतो. भिंतीवर पहिलं शेवाळ धरलं की जातो."

मी त्याची बादली लाथेनं उडवली. माणसांसमोर. मला लाज वाटली नाही आणि आताही वाटत नाही.

म्हणजे हे मला "येऊ नकोस" म्हणाले ते याचसाठी. मला वाचवलं आणि ती गेली डबा घेऊन! ही गोष्ट मी कुणाला सांगू? मुलगा जहाजावर, महिन्याने येणार. त्याला काय सांगू, की तुझी बायको भिंतीत गाडली?

२२ सप्टेंबर

सूनबाईला उन्हात जाऊ देत नाही. मागची खिडकी बंद केली. तिच्या ताटात दुप्पट वाढते. ती वैतागली, "आई, मी फुटेन आता." मी तिच्या दंडाला टेप लावून बघते, झोपेत सुद्धा. दंड भरतोय, कमी होत नाहीय. पोटही बरोबर वाढतंय. मग आटतंय कुठे? की आतलं बाळ?

असले विचार लिहूच नयेत.

यांच्या शर्टाच्या कॉलरमध्ये माझी दोन बोटं जातात आजकाल. उन्हातान्हात काम, जेवणाकडे लक्ष नाही. कॉलर आत घेऊन दिली.

२४ सप्टेंबर

आज मी डोकं चालवलं. भीतीनं हातपाय गाळून बसण्यापेक्षा माप घ्यावं, तेवढं तर मला येतं. जेवढी नाडी कमी होती तेवढाच तुकडा कापला. डब्याच्या वेळेला, त्या दिवशीसारखंच ऊन अंगणात आलं तेव्हा सूनबाईला म्हटलं, ये, उभी राहा इथे. "कशाला?" "झबलं शिवायचंय." "माझ्या सावलीला?" हसत हसत उभी राहिली बिचारी.

तिच्या टाचेपाशी नाडीचं टोक धरलं आणि सावलीवरून पसरली. नाडी पुढे उरली. चांगली हातभर उरली! पुन्हा लावली. पुन्हा उरली. तिची सावली नाहीच ती! मी तिला धरून अशी हलवली की ती म्हणाली, आई, बाळ बाहेर पडेल. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी हसत होते, दोन्ही एकदम.

आवाज ऐकून हे बाहेर आले. "काय चाललंय?" म्हणत सूनबाईच्या शेजारी येऊन उभे राहिले.

नाडी जमिनीवर तशीच पडलेली होती. यांची सावली तिच्यावर पडली. एक टोक टाचेशी, दुसरं टोक टोपीच्या शेंड्याशी. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. मी इतकी वर्षं मापं घेतेय, इतकं नेमकं बसलेलं माप कधी पाहिलं नव्हतं.

यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे. मग सूनबाईला म्हणाले, "तू आत जा बाळा, ऊन लागेल."

२५ सप्टेंबर

काल पुढे लिहिता आलं नाही.

मी विचारलं, "तुम्ही का?" म्हणाले, "मग काय तिची देऊ?" मी म्हटलं, कुणाचीच देऊ नका, हाकलून द्या त्या मेल्याला. म्हणाले, "अगं, भिंत पडली असती. तिच्या अंगावर पडली असती. माझं वय झालं. माझ्या सावलीचा दुसरा काय उपयोग?"

मी म्हटलं, "अहो, पण साहेबांचे ते पाईप? तुम्हीच मला वाटी-चमचा घेऊन सांगितलंत. पाईपांनी उभी आहे की सावलीनं? खरं सांगा."

हाताची बोटं मोडत बसले. इतकं काम केलेला माणूस, मला वाटलं पाईप म्हणेल. म्हणाले, "सावलीनं."

त्यांना जे कळतं ते मला कुठे कळतं. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच दिवसाउजेडी.

२ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त, छाती, सगळं तपासलं. काही नाही म्हणाल्या. "मग वजन का उतरतंय?" तर म्हणाल्या, मनाला काही लागलंय का? आम्ही दोघं शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे बसलो होतो. भूक लागायचं औषध दिलंय.

घरी आल्यावर हे मागच्या खिडकीपाशी गेले, उघडली, आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. वरपासून खालपर्यंत. काय शोधत होते ते मला माहीत आहे. मीही तेच शोधते.

९ ऑक्टोबर

आलं.

तिसऱ्या पाईपखाली. पाणी ठिबकतं तिथे, तळहाताएवढं, हिरवं. आधी वाटलं दगडाचाच रंग असेल. बोट लावलं तर मऊ.

पदरानंच पुसलं. गेलं नाही. घासणी आणली, मग तारेचा ब्रश आणला, दगड पांढरा होईपर्यंत घासलं. हातांची सालं निघाली. यांना सांगितलं नाही. पण जेवताना माझ्या हातांकडे बघितलं आणि भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

१२ ऑक्टोबर

रोज सकाळी घासते. रोज पुन्हा येतं. आता पाचही पाईपांखाली धरायला लागलंय. मध्ये एक दिवस पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी भिंतीवर हिरव्या लांब जिभा. बाकी भिंत कोरडी, तिथे काही नाही. फक्त पाईपांखाली.

हे आता उठत नाहीत फारसे. तरी काल मुलाच्या खोलीचं बिजागर नीट केलं, माझ्या मशीनला तेल दिलं, आणि सूनबाईला सांगत होते की थंडीत मागच्या दाराला फट पडते, तिथे काय भरायचं. मी ओरडले, "तुमचं तुम्ही भरा ना थंडीत!" ते हसले. त्यांचं हसणं ऐकून मला जास्त भीती वाटली. ओरडायला नको होतं.

आंघोळीला गेले तेव्हा पँटचं माप घेतलं. पुन्हा आत घ्यावी लागणार. आता शिवणीत कापड उरलेलं नाही.

१५ ऑक्टोबर

आज सकाळी ब्रश घेऊन उकिडवी बसले होते आणि एकदम लक्षात आलं. मी किती मूर्ख! इतके दिवस फांद्या छाटतेय आणि मुळाला पाणी घालतेय. शेवाळ कशानं येतं? पाण्यानं. पाणी कुठून येतं? पाईपांतून. भिंत तर पाईपांनी उभी नाहीच, ओळंबाही तेच म्हणतो, हेही तेच म्हणाले. मग ते पाईप हवेत कशाला? ना त्यांचा भिंतीला उपयोग, ना आम्हाला. नुसतं शेवाळ पोसतायत मेले.

मशीनखाली कात्रणांचं पोतं भरलेलं होतं. कोटाची, पडद्यांची, सूनबाईच्या झग्याची. एकेका पाईपात मूठ मूठ कोंबली, लाकडी गजानं ठोकली, परत कोंबली. शेवटी पायजम्याच्या नाडीची उरलेली गुंडाळी पाचव्यात घातली. तिच्यापासून सगळं सुरू झालं, तिथेच संपू दे. वरून कापडाचे बोळे असे घट्ट बसवले की नखही जाणार नाही. शिलाई कशी पक्की करायची ते मला कुणी शिकवायला नको.

मग भिंत घासून पुसून स्वच्छ केली. दुपारी हात लावला तर कोरडी ठणठणीत.

१८ ऑक्टोबर

कालपासून पाऊस लागलाय. थांबायचं नाव नाही. काल छत्री घेऊन दर तासाला मागे जात होते. एक थेंब नाही! पाईपांची ती सततची पिचपिच बंद. हिरवं काही नाही.

यांना हात धरून खिडकीपाशी नेलं. म्हटलं, बघा, कुठंय शेवाळ? पावसानं काचा धूसर होत्या, तरी त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गेलं वाटतं." संध्याकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या. दोन! वर आणखी आहे का विचारलं. सूनबाई माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे.

झोपताना यांनी सहज विचारलं, "पाईप वाहतायत ना?" जुनी सवय, दुसरं काय, मिस्त्री तो मिस्त्री. खरं सांगितलं असतं तर उठून बघायला गेले असते या पावसात, अशक्त माणूस. मी म्हटलं, "वाहतायत हो, धो धो. झोपा तुम्ही."

"मग काळजी नाही," म्हणाले आणि लगेच घोरायला लागले.

१९ ऑक्टोबर

दुपारचे जेवून सगळे आडवे झालेत. पाऊस आहेच. मुलाचा फोन आला, उद्या पोचतोय. सूनबाईच्या कंबरेत सकाळपासून बारीक कळा येतायत. म्हटलं मागच्या खोलीत पड, तिथे शांत आहे. खरंच किती शांत आहे आता तिकडे, पाण्याचा आवाजच नाही. यांनाही तिथेच खाट टाकून दिली, म्हणजे दोघांवर माझी नजर राहील. हे आज स्वतःहून दाढी करून बसले होते. गालांवर रंग आलाय.

मघाशी भिंत बघून आले. स्वच्छ. मधोमध थोडी पुढे आल्यासारखी दिसते, सूनबाईसारखंच पोट आलंय तिला. माझं मलाच हसू आलं. पाण्यानं दगड फुगत असतील. मागच्या खोलीच्या फरशीवर भिंतीच्या कडेने गढूळ ओल आलीय, ती पुसायला हवी. पण आता फडकं मारलं तर दोघांची झोप मोडेल. उठल्यावर पुसेन.

झबल्याला बंद लावायचे राहिलेत. तेवढे संपवते आणि मीही जाऊन त्यांच्या पायाशी जरा पडते. किती दिवसांनी आज मला कसलीच भीती वाटत नाही.